नागपुरात ओसीडीचा उपचार: मेडिकल, धंतोलीतला दवाखाना की आधी घरच्यांची समजूत?

दुधाची पिशवी मी साबणाने तीनदा धुवायची. मग नळ, कारण न धुतलेल्या हाताने तो सोडलेला असायचा. मग साबणाची वडीच धुवायची. तेही मे महिन्यात, टाकीतलं पाणी जपून वापरायच्या दिवसांत. पेरांना भेगा पडल्या होत्या, कणीक मळताना मीठ झोंबायचं. आई म्हणायची, "मन घट्ट कर ना बाई, काय करून राहिली तू हे?" आजीचं म्हणणं वेगळं होतं: आम्ही जन्मभर सोवळं पाळलं, कोणी डॉक्टरकडे गेलं का?

आजीला उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, पूजा झाली, नैवेद्य दाखवला की संपलं. ओसीडी म्हणजे नको ती शंका सतत डोक्यात येणं आणि ती शमवायला तेच ते पुन्हा पुन्हा करावं लागणं, असा आजार. त्यात हात धुतल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं आणि शंका पुन्हा येते. हे जास्तीचं आहे हे स्वतःला बहुतेकदा कळत असतं, तरी थांबता येत नाही. ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिला निर्णय हॉस्पिटलचा नाहीच. आधी घरच्यांना पटवायचं की आधी डॉक्टर गाठायचा? मी दोन वर्षं पटवत बसले आणि त्या दोन वर्षांत हात धुणं दहा मिनिटांवरून पाऊण तासावर गेलं. तुम्ही सज्ञान असाल तर ओपीडीत दाखवायला कोणाची सही लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. पैसे किंवा जाणं-येणं घरच्यांच्या हातात असेल तर गोष्ट अवघड होते, हे मान्य. तेव्हा १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. पहिला धीर आणि पुढची वाट यासाठी ती चांगली, पण पूर्ण उपचार म्हणून तिच्यावर थांबू नका.

मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल), मेयो (दुसरं सरकारी हॉस्पिटल) आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. खर्च कमी, गरज पडली तर त्वचेच्या डॉक्टरांकडे तिथल्या तिथे दाखवता येतं. (मी आधी सहा महिने फक्त हाताला मलम लावत होते.) पण गर्दी असते, दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही, आणि ज्याला स्पर्शाचीच धास्ती आहे त्याला त्या रांगेतला बाक, दाराची कडी, केसपेपर हे सगळं जड जातं. प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे. दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. पण त्या भागातल्या चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात, त्यामुळे नाव काढलं की घरचे हादरतात. तेवढ्यासाठी ते बाद करू नका.

धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे वेळ ठरवून जाता येतं, डॉक्टर तेच राहतात. फी मात्र दर भेटीला मोजावी लागते आणि हा उपचार महिनोन्महिने चालतो. पहिल्याच भेटीत विचारा: इथे ईआरपी (भीतीला पायरीपायरीने सामोरं जायची थेरपी) करून घेणारं कोणी आहे का? उत्तर नुसतं "समुपदेशन करू" असं आलं, तर मी दुसरीकडे जाईन. धीराच्या गोष्टींनी ही शंका जात नाही.

ईआरपी म्हणजे भीती वाटते ती गोष्ट ठरवून, पायरीपायरीने करायची आणि त्यानंतरचं धुणं टाळायचं. माझी पहिली पायरी दहाची नोट होती. सीताबर्डीच्या भाजीवाल्याकडून सुटे आलेली, मऊ पडलेली. ती मुठीत धरायची, मग गालाला लावायची, मग उशीवर ठेवायची. धास्ती शंभरपैकी किती, ते दर पाच मिनिटांनी वहीत लिहायचं. पंचाऐंशी, नव्वद, नव्वद, सत्तर. चाळीस मिनिटांनी पस्तीस. हात न धुता. त्या रात्री मी त्याच उशीवर झोपले.

मग गोळ्या की ईआरपी? सौम्य त्रासात नुसती ईआरपी पुरू शकते. त्रास जास्त असेल, कामधंदा-जेवण अडत असेल तर दोन्ही बरोबर. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन यांसारखी औषधं ओसीडीत बहुधा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात आणि नीट फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून घरचे बंद करायला सांगतील, तेव्हा हा आकडा सांगा. बरं वाटल्यावरही औषध वर्ष-दोन वर्षं सुरू ठेवतात. ते एकदम सोडलं तर त्रास होऊ शकतो. नुसत्या झोपेच्या गोळ्यांवर कोणी महिने काढत असेल तर ओसीडीचा उपचार अजून सुरू झालेला नाही, असं समजा. मला आधी एका दवाखान्यातून तशाच मिळाल्या होत्या.

आता घरच्यांचं. "हा आजार नाही" म्हणणारे माझे बाबाच माझ्यासाठी दारात कपडे बदलायचे, आई किराण्याची पाकिटं पुसून द्यायची, "हात धुतले ना?" या माझ्या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा "हो" म्हणायची. भांडण नको म्हणून. त्यानेच माझी शंका पोसली जात होती. थेरपिस्टने आईला आजार पटवला नाही, एवढंच सांगितलं: पाकिटं पुसू नका, आणि ती विचारेल तेव्हा "याचं उत्तर मी देणार नाही" म्हणा. मेडिकलला जा नाहीतर खासगीत, एका भेटीला घरातल्या एकाला तरी एवढं ऐकवायला न्या.

आई आजही याला "सवय" म्हणते. दुधाची पिशवी मात्र जशी येते तशी फ्रिजमध्ये ठेवते.