मेक्सिकोच्या बाइक सफरीत विश्रांतीचा दिवस: वेराक्रूझ की काम्पेचे?
टायर, ब्रेक पॅड लागणार असतील तर वेराक्रूझ. मोठं बंदर, सामान मिळतं. वर लेचेरो, म्हणजे तिथली दुधाची कॉफी. हिवाळ्यात मात्र 'नॉर्ते' हा उत्तरेचा जोरदार वारा सुटला की साइड स्टँडवरची बाइकही आडवी होऊ शकते. भिंतीच्या आडोशाला, गिअरमध्ये टाकून लावा.

बाइक ठणठणीत असेल तर काम्पेचेच. 1685च्या चाचेहल्ल्यानंतर बांधलेल्या तटाच्या आत सगळं पायी फिरता येतं. जुन्या वाड्यांतल्या हॉटेलांत पार्किंग असेलच असं नाही, आधी विचारा. दुपारचा उकाडा मरणाचा, म्हणून सॅन मिगेल किल्ल्यातले जेड या हिरव्या दगडाचे माया संस्कृतीतले मुखवटे सकाळीच पाहा, सोमवार टाळा. संध्याकाळी चेन गोड्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा, मगच ल्यूब (वंगण) मारा. ओलीवरच मारलं तर समुद्री हवेचा खारटपणा आत कोंडतो, कड्या गंजून आखडतात.