नौपाड्यातल्या बर्गरवाल्यांकडे आठ महिने

जूनमध्ये मुलीचा अकरावीचा क्लास ठाण्यातल्या नौपाड्यात सुरू झाला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सुटायची वेळ रात्री साडेआठ. मी बँकेतून परस्पर तिला घ्यायला जाते. तिथून तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी असं करत माजिवड्याला घरी पोचेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ होतात. तेवढा वेळ भुकेल्या पोरीला ‘घरी गरम वरणभात आहे’ एवढ्यावर गप्प बसवून दाखवा. शेवटी तह झाला. गुरुवारी बाहेर खायचं. जागा ती ठरवणार, पैसे मी देणार. तिने बर्गर म्हटलं आणि माझं तोंड वाकडं झालं.

माझ्या लेखी बर्गर म्हणजे दोनच गोष्टी. एक, केकच्या दुकानात काचेआड सकाळपासून बसलेला, मायक्रोवेव्हमध्ये घालून हातात दिला जाणारा कोबी-मेयोचा थंडगार गोळा. दुसरी, मॅकडोनाल्डची आलू टिक्की. ते १९९६ साली मुंबईत आलं तेव्हा मी कॉलेजात होते; मैत्रिणींबरोबर पैसे जमवून जायचो. म्हणजे मनात बर्गर हा बटाटेवड्याचा इंग्रजी शाळेत गेलेला भाऊ. आणि ठाण्यात राहून बटाटेवड्याच्या भावाला कोण भाव देणार? स्टेशनजवळ कुंजविहारचा जम्बो वडापाव आहे की!

आता फेब्रुवारी चालू आहे. सणवार, आजारपणं, परीक्षा वजा जाता तिसेक गुरुवार खाल्लं, वर काही चुकार शनिवार. मोठ्या साखळ्या मुद्दाम टाळल्या, छोटी ठिकाणंच धरली. दुकानांची नावं लिहीत नाही, कारण काहींबद्दल वाईटही लिहायचं आहे. आमच्या घरातली त्यांची टोपणनावंच वापरते : जिन्याखालचा, टोकनवाला आणि दिव्यांचा. आठ महिन्यांत मला कळलं ते एवढंच की मेनू कार्डावर सगळं कौतुक पॅटीचं, म्हणजे मधल्या टिक्कीचं असतं, पण खाणं बिघडतं किंवा जमतं ते बनामुळे आणि तव्यामागे कोण उभा आहे त्यामुळे.

जिन्याखालचा राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आहे. जुन्या इमारतीच्या जिन्याखाली गाळा, बाहेर सहा स्टुलं, पावसात वर निळी ताडपत्री. साधा चिकन बर्गर १७० रुपये. पहिल्या दिवशी मी स्टुलावर न बसता तव्यासमोरच उभी राहिले, कारण बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. तव्यावरचा दादा राजापूरकडचा, कमी बोलणारा. त्याने बेसनाच्या लाडवाएवढा खिम्याचा गोळा तापलेल्या काळ्या तव्यावर टाकला, वर बटर पेपर ठेवला आणि इस्त्रीसारख्या लोखंडी वजनाने असा दाबला की गोळ्याची भाकरीच झाली. कडा पातळ, जाळीदार. मग दीड-एक मिनिट हातही लावला नाही. नंतर उलथणं तिरकं धरून तव्याला घासत खालून सगळी खरपूस साल उचलली, जसं आपण पिठल्याची खरवड काढतो तसं. उलटवून चीजची स्लाइस, वर स्टीलचा वाडगा पालथा, बाजूला पाण्याचा एक शिडकावा. चुर्रर्र. वाडगा उचलला तेव्हा चीज कडेपर्यंत ओघळलं होतं.

याला स्मॅश बर्गर म्हणतात आणि गंमत सगळी त्या दाबण्यात आहे. मांस तव्याला पुरतं चिकटलं की तिथलं पाणी भराभर उडतं, उष्णता वाढते आणि तपकिरी, भाजका, खमंग थर चढतो. आपल्या भाकरीला, कांद्याला, भाजलेल्या खोबऱ्याला जो वास येतो त्याच्यामागेही हीच क्रिया असते. मात्र दाबायचं ते टाकल्या टाकल्या, गोळा थंड असताना. नंतर दाबलं तर आत सुटलेला रस बाहेर येतो. टोकनवाल्याकडे नेमकं हेच होतं. पोखरण रोड नंबर एकवर त्याचं मोठं काउंटर आहे, गर्दी भरपूर. तव्यावरचा मुलगा वेळ जात नाही म्हणून की काय, उलटवल्यावरही पॅटी दाबत बसतो. तव्यावर पाणी पसरलेलं दिसतं आणि आपल्या वाट्याला चोथा येतो. तीनदा खाल्लं, तिन्ही वेळा कोरडं, आणि तिन्ही वेळा ते झाकायला दुप्पट मेयो.

अमेरिकेत या प्रकाराला चरबी असलेला बीफचा खिमा लागतो. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गाय, बैल सगळंच बंद. काही ठिकाणी म्हशीचं मिळतं, पण आमच्या फेरीतल्या दुकानांत मुख्य गोष्ट चिकनच. आणि चिकनमध्ये चरबी कमी. मी दादाला विचारलं, तुमचं कोरडं कसं पडत नाही? तो म्हणाला, “काकू, ब्रेस्टचा खिमा घेतच नाही. सगळा लेगचा.” बस्स, एवढंच. शेजारच्या चिकनवाल्याकडून रोज संध्याकाळी आणतो. मी घरच्या कटलेटलाही आता लेगच वापरते.

बनाचं मात्र त्याला विचारावं लागलं नाही, दिसतच होतं. कापलेली बाजू खाली करून, लोण्याचं बोट लावून, तव्याच्या कमी तापलेल्या कोपऱ्यात तो बन ठेवतो आणि रंग आल्याशिवाय उचलत नाही. लोणी आणि भाजलेला थर मिळून रस आत शिरू देत नाहीत, म्हणून शेवटच्या घासापर्यंत खालचा अर्धा शाबूत राहतो. बन रोज जवळच्या बेकरीतून येतो. लादीपावापेक्षा किंचित गोड, पण केक नव्हे. पहिल्याच महिन्यात मला प्रत्येक ठिकाणी बर्गर उलटा करून बघायची खोड लागली. मुलगी लाजते. “आई, लोक बघतायत, साडीचा पोत बघतेस का?” बघू देत. बन खालून पांढराफटक असेल तर पुढचं मी वाचून दाखवू शकते : चौथ्या घासाला तळ फाटणार, सॉस मनगटावर येणार, टिश्यू संपलेले असणार.

श्रावणाने आमची चांगली परीक्षा घेतली. घरात महिनाभर मांसाहार बंद, आणि ‘बाहेर चालतं का’ या प्रश्नाला सासूबाईंचं उत्तर असं की विचारण्यातच अर्थ नाही. मग चार गुरुवार व्हेज बर्गर. तेव्हा कळलं की बहुतेक दुकानांत व्हेज पॅटी पाकिटातली, गोठवलेली असते. ओळखायची सोपी खूण : तंतोतंत गोल, भगवा चुरा, आत मटार आणि मक्याचे दाणे, आणि तीन दुकानांत तीच चव. दिव्यांचा तिचे २४० रुपये घेतो. जिन्याखालचा राजमा आणि उकडलेला बटाटा कुस्करून, भरड मिरी घालून स्वतः थापतो. कडा कुरकुरीत होतात, मधे जरा मऊ, थोडा ओलाच राहतो. चिकनच्या जवळपास जात नाही, पण खोटं काही खातोय असंही वाटत नाही. पनीरवाला घेऊ नका, कुठेच. पनीरला तव्यावर बाहेरून रंग येतो आणि आत काहीच होत नाही.

हॉट डॉगबद्दल मुलीचं आणि माझं अजून पटलेलं नाही. तिला आवडतो, मला त्यात फसवल्यासारखं वाटतं. आपल्याकडचे चिकन सॉसेज बहुधा बिनसालीचे. कारखान्यात सेल्युलोजच्या नळीत भरून शिजवतात आणि मग नळी सोलून काढतात. त्यामुळे दातांखाली कट्कन तुटण्याची जी मजा सांगतात ती येत नाही. सॉसेज आधीच शिजलेलं असल्यामुळे दुकानदाराला खरं तर फक्त गरम करायचं असतं, आणि इथेच आळस होतो. टोकनवाला कोमट पाण्यात ठेवून देतो. रात्री नवापर्यंत ते आजोबांच्या बोटासारखं सुरकुतलेलं असतं. जिन्याखालचा त्याला तिरक्या चिरा देऊन तव्यावर लोळवतो, चिरा फुलतात, कडा काळपट होतात. हा खाण्यासारखा. शिकागोमध्ये हॉट डॉगवर पिवळी मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्यातली काकडी, मिरच्या असं सगळं घालतात आणि केचप लावणं पाप समजतात, हे मुलीने कुठेतरी बघितलं. तिने दादाला बिनकेचपचा करायला सांगितलं. तो बिचारा दोनदा विचारून खात्री करून घेत होता. चव खरंच सुधारली, कारण आपलं केचप फार गोड. आता आम्ही दोघी केचप नको म्हणतो. यावर तरी एकमत.

त्यातल्या काकडीवरून आठवलं. ती छोटी आंबट काकडी, घेरकीन, कर्नाटकात भरपूर पिकते आणि बहुतेक बरणीत बसून परदेशात जाते. आपल्याकडे उरलेली लोक बर्गरमधून काढून ताटलीच्या कडेला ठेवतात. मुलगी ठेवते, मी उचलून खाते.

आता दिव्यांचा. घोडबंदर रोडला, पाटलीपाड्याच्या बाजूला. उघड्या विटांची भिंत, लोंबणारे बल्ब, लाकडी पाटावर बर्गर आणि त्यात उभी खोचलेली सुरी. मुलीच्या वाढदिवसाला गेलो होतो. जाडजूड चिकन बर्गर ३६० रुपये. कापला तर मधोमध गुलाबी आणि चिकट. मी बोलावून दाखवलं, तर मॅनेजर हसत म्हणाला, “ज्यूसी असतो मॅडम, असाच खातात.” असाच खात नाहीत. चिकन आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचावं लागतं. शिवाय मांसाच्या सबंध तुकड्यावर जंतू बहुतेक वरच असतात, पण खिमा करताना वरचं सगळं आत कालवलं जातं. म्हणून खिम्यात कच्चेपणा अजिबात चालत नाही. तो पाट आत गेला आणि त्याच बर्गरला पुन्हा तापवून बाहेर आला, माझ्या कापलेल्या खुणेसकट. आम्ही फ्राईज खाऊन उठलो. बिलात वर दहा टक्के सेवाशुल्क. पाच टक्के जीएसटी द्यावाच लागतो, सेवाशुल्क ऐच्छिक असतं. काढा म्हटल्यावर लगेच काढलं, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. घरी येऊन पोरीने वाढदिवसाच्या रात्री तूपमेतकूटभात खाल्ला.

वाशीलाही एकदा जाऊन आले. बहीण नेरुळला असते, तिने सेक्टर १७मध्ये मटण बर्गर खायला नेलं. मसाला झकास, पण एसी कडक आणि बोलण्याच्या नादात आम्ही सावकाश खाल्लं. मटणाची चरबी लवकर गोठते. अर्ध्यावर ओठांना मेण लागल्यासारखं झालं. दुकानाचा त्यात दोष नाही. मटण असेल तर गप्पा नंतर.

पार्सलचा प्रयोग दोनदा केला. ऑगस्टमध्ये धो धो पावसात जिन्याखालच्याकडून बांधून घेतलं, रिक्षात बसलो, तीन हात नाक्यावर पंचवीस मिनिटं अडकलो. घरी डबा उघडला तर आतल्या वाफेने बन ओला, सालीचा कुरकुरीतपणा गेलेला, फ्राईज मान टाकलेल्या. पुढच्या वेळी दादानेच सुचवलं म्हणून बन आणि पॅटी वेगवेगळं बांधलं, डब्याचं झाकण अर्धवट उघडं ठेवलं, घरी लोखंडी तव्यावर दोन्ही पुन्हा शेकलं. बरंच बरं लागलं. पण तेवढा व्याप करायचा तर मी थालीपीठ लावेन. ॲपवरून मागवलेल्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. तीच कथा, फक्त पैसे जास्त. वडापाव गाडीशी उभं राहून का खातो, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. इथेही तेच. तव्यावरून उतरल्यापासून पाच मिनिटांत खायचा.

जिन्याखालच्याच्याही तक्रारी आहेत. हात धुवायला पिंप आणि मग्गा, तोही कधी कधी रिकामा. सहा स्टुलांपैकी एक डुगडुगतं, जून महिन्यापासून तेच. तळायचं तेल शनिवारी रात्री वासावरून कळतं, त्या दिवशी फ्राईज घेऊ नका. पेरी पेरी मसाला तो प्रत्येक गोष्टीवर भुरभुरतो, आधी नको म्हणावं लागतं. आणि नोव्हेंबरात १७०चे १९० केले, तेही पाटीवर जुन्या आकड्यावर नवा कागद चिकटवून.

पण सगळ्यात मोठा धडा गणपतीत मिळाला. गुरुवारी गेलो, तर तव्यावर दुसराच मुलगा. तोच खिमा, तोच बन, तेच वजन. त्याने गोळा टाकला, दाबला आणि फोन बघायला लागला. बन तव्याला टेकवून लगेच उचलला, पांढरा. मी उलटा करून बघितलं आणि मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, “कळलं, बोलू नकोस.” दादा गावी गेला होता, आरत्या-भजनं आटपून दहा दिवसांनी आला. मालकाला मी सांगितलं, तुमचं दुकान त्या माणसाच्या हातात आहे, त्याचा पगार वाढवा. मालक हसला. वाढवला का ते माहीत नाही.

परवा दादानेच आपणहून सांगितलं, काकू, शिमग्याला परत गावी चाललोय, आठ दिवस नसेन. त्या गुरुवारी आम्ही मामलेदारची मिसळ खाणार आहोत.