दोन दिवसांच्या मेळ्यातून घेतलेला हलका लॅपटॉप : माझी झालेली फसवणूक

ठिबक सिंचनाचे आराखडे काढून देणे हा माझा गेल्या अकरा वर्षांचा व्यवसाय आहे. राहायला जळगावात असलो तरी आठवड्यातले चार दिवस रावेर, यावल, चोपडा, अधूनमधून शिरपूर आणि शहादा अशी फिरती असते. शेताची मोजणी करायची, विहिरीची जागा आणि पंपाची अश्वशक्ती नोंदवायची, बांधावर बसूनच शेतकऱ्याला नळ्यांची मांडणी पडद्यावर दाखवायची आणि संध्याकाळी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरील अनुदानाच्या अर्जासाठी अंदाजपत्रक तयार करायचे, असे हे काम आहे. माझा जुना लॅपटॉप सव्वादोन किलोंचा होता, त्यावर अडॅप्टरचे ओझे वेगळे. मोटारसायकलवर पाठीला लावून तो रोज नेताना मान आणि खांदा दुखू लागला, तेव्हा हलका लॅपटॉप घेण्याचे ठरवले.

माझ्या गरजा स्पष्ट होत्या. वजन सव्वा किलोच्या आत हवे, पडदा चौदा इंची आणि चकाकी नसलेला हवा, कारण आमच्याकडच्या उन्हात चकाकणाऱ्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नाही. टाइप-सी वरून चार्ज होणारा हवा, आणि शेतात वीज असेलच असे नसल्याने बॅटरी चार तास तरी टिकायला हवी. असा नवा लॅपटॉप माझ्या आवाक्याबाहेर होता. म्हणून मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून काढून टाकतात त्या बिझनेस मालिकेतील जुन्या, दुरुस्त केलेल्या लॅपटॉपांचा विचार केला. हा विचार चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. अशी यंत्रे मजबूत असतात आणि प्रामाणिक विक्रेत्याकडून घेतली तर पैशाचे चीज होते.

फेब्रुवारीत कामानिमित्त धुळ्याला गेलो असताना एका मंगल कार्यालयाबाहेर लॅपटॉपच्या दोन दिवसांच्या मेळ्याचा फलक दिसला. आत लांब टेबलांवर शे-दीडशे लॅपटॉप मांडलेले होते. हलक्या लॅपटॉपांच्या टेबलावर एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ठेवलेला होता आणि विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकासमोर यंत्र त्यावर ठेवून दाखवत होता. मला दाखवलेला लॅपटॉप लेनोव्होचा थिंकपॅड एक्स१ कार्बन होता. काट्यावर १.१३ किलो हा आकडा आला. जाहिरातीत वाचलेला आणि काट्यावर दिसणारा आकडा तंतोतंत जुळला, तेव्हाच माझ्या मनाने सौदा केला होता. पुढे जे जे सांगितले गेले ते मी त्या काट्याच्या भरवशावर खरे मानले, आणि माझी खरी चूक तेथे झाली.

विक्रेता म्हणाला, "भाऊ, हा सिक्स्थ जेन आहे, आत आठव्या पिढीचा आय५ आहे, बॅटरी नवी टाकली आहे. रॅम सध्या ८ जीबी आहे, पुढे कधीही आणा, १६ करून देऊ." त्याने विंडोजमधील माहितीचे पान उघडून प्रोसेसरचे नाव दाखवले. तेथे आय५-८३५०यू असे स्पष्ट लिहिलेले होते. यंत्राच्या तळाशी असलेल्या चिकटपट्टीवरही एक्स१ कार्बनच्या त्याच सहाव्या आवृत्तीचा क्रमांक होता. किंमत ३४,००० रुपये ठरली. पक्के बिल मागितल्यावर तो म्हणाला, "पक्के हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, उगाच सहा हजार कशाला घालवता?" मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. पैसे यूपीआयने दिले, आणि ते दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात गेले, हे त्या वेळी माझ्या लक्षातही आले नाही. पावतीवर एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी, एक मोबाइल क्रमांक आणि 'विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही' हे वाक्य, एवढेच होते. जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही.

पहिले काही आठवडे पाठीवरचे ओझे कमी झाल्याच्या समाधानात गेले. मोठा नकाशा उघडला की यंत्र अडखळत असे, बॅटरी दीड तासात उतरत असे, पण मी दोष उन्हाला देत राहिलो. मार्चपासून आमच्याकडे ऊन तापते आणि भुसावळ-रावेर पट्ट्यात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे यंत्र गरम होऊन मंदावत असेल हे स्पष्टीकरण मला पटण्याजोगे वाटले. वॉरंटीचा महिना या समजुतीत निघून गेला. एप्रिलमध्ये रावेरजवळ एका केळीच्या मळ्यात शेतकऱ्यासमोर आराखडा उघडलेला असताना लॅपटॉप बंद पडला आणि मला मोजणी कागदावर उतरवून परत यावे लागले, तेव्हा मी तो जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एका ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे नेला.

त्याने आधी टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्सच्या पानावर बोट ठेवले. तेथे कोअर्स २ आणि लॉजिकल प्रोसेसर ४ असे होते. आय५-८३५०यू मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजेच आठ लॉजिकल प्रोसेसर असतात. मग त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, सुरू होताना एफ१ ही कळ दाबली आणि बायोसचे, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीचे, पान उघडले. तो अमळनेरकडचा, सहज अहिराणीत म्हणाला, "भाऊ, हाई आठवी नही शे, सहावी शे." बायोसमध्ये आय५-६३००यू हे नाव होते. तळाच्या चिकटपट्टीवरील क्रमांक '२०केएच'ने सुरू होत होता, तर बायोसमधील '२०के४'ने. पहिला क्रमांक २०१८च्या सहाव्या आवृत्तीचा, दुसरा २०१७च्या पाचव्या आवृत्तीचा, आणि त्यातही जुना प्रोसेसर घालून बनवलेल्या प्रकाराचा. त्या काळी काही संस्थांना विंडोज ७ हवे होते आणि ते सहाव्या पिढीपुढील प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नसल्याने असा प्रकार निघाला होता. यात बनवणाऱ्या कंपनीचा काहीही दोष नाही. या दोन्ही आवृत्त्यांचे वजन जवळपास सारखेच आहे. म्हणजे काट्याने मला खोटे काही सांगितले नव्हते, आणि म्हणूनच तो काटा तेथे ठेवलेला होता.

विंडोजच्या पानावर खोटे नाव कसे आले, हेही त्याने समजावून सांगितले. त्या पानावर दिसणारे प्रोसेसरचे नाव विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीतून घेतले जाते आणि ती नोंद बदलता येते. यंत्र सुरू होताना खरे नाव पुन्हा लिहिले जाते, म्हणून दर वेळी खोटे नाव भरणारी एक छोटी फाइल आत ठेवलेली असते. बायोसचे पान मात्र विंडोज सुरू होण्याआधीचे असते, तेथे ही हातचलाखी चालत नाही. विंडोज ११साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांना आज भाव उरलेला नाही. ती आठवीच्या नावाने खपवण्याचे कारण हेच. माझ्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ होते, पण ते तपासणी चुकवून बसवलेले होते.

बॅटरीची तपासणी मी घरी केली. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, त्यानंतर तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असे टंकले की यंत्र स्वतःच एक अहवाल तयार करते. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे मूळ क्षमता आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज प्रत्यक्ष उरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसतात. 'नव्या' बॅटरीची मूळ क्षमता ५७ वॅट-तास होती आणि उरलेली २३ वॅट-तास. ही तपासणी मेळ्यातल्या टेबलावर दोन मिनिटांत झाली असती. रॅम वाढवून देण्याचे आश्वासन तर मुळातच अशक्य होते, कारण या मालिकेत रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते आणि ती बदलता येत नाही.

पावतीवरील क्रमांकावर फोन केला तेव्हा विक्रेत्याचे उत्तर ऐकून मी काही क्षण गप्पच झालो. "मी सिक्स्थ जेनच म्हणालो होतो ना, मग सहावीच निघाली," असे तो म्हणाला. एक्स१ कार्बनची सहावी आवृत्ती आणि इंटेलची सहावी पिढी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहाव्या आवृत्तीत आठव्या पिढीचा प्रोसेसर असतो, आणि ग्राहकाला हा फरक माहीत नसतो याचा फायदा घेऊन 'जेन' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. म्हणून विक्रेत्याला पिढी विचारू नये, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारावा आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. चार आकडी क्रमांकातला पहिला आकडा पिढी सांगतो, पण तो १ असल्यास किंवा क्रमांक पाच आकडी असल्यास पहिले दोन. त्या दिवसानंतर तो फोन लागलेला नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. पहिला प्रश्न विक्रेत्याचे नाव आणि पत्ता हाच होता, आणि माझ्याकडे यूपीआयच्या नोंदीतील एका व्यक्तीच्या नावाशिवाय काहीच नव्हते. सहा हजार वाचवण्याच्या मोहात मी विक्रेत्याची ओळखच सोडून दिली होती, हे तेव्हा लख्ख समजले. पक्क्या बिलावर अंक आणि अक्षरे मिळून पंधरा चिन्हांचा जीएसटी क्रमांक असतो, त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचे नाव व ठिकाण कळते.

मग एका वकील मित्राने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उघडून दाखवला. ग्राहकाला बिल न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीही तशीच प्रथा आहे, त्यामुळे 'माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारून विक्रेता सुटत नाही. मी लॅपटॉप व्यवसायासाठी घेतला असला तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा माणूस या कायद्याने ग्राहकच ठरतो. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पोलिसांत अर्ज दिला आहे, आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या व्यक्तीचा पत्ता मिळताच जळगावच्या आयोगाकडे तक्रार दाखल करणार आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून कायमची निसटली आहे. खरे काय ते कळले त्याच संध्याकाळी, संतापाच्या भरात, मी विंडोज पुसून नव्याने टाकायला सांगितले. त्याबरोबर प्रोसेसरचे खोटे नाव आणि ते दर वेळी भरणारी फाइलही गेली. आता माझ्याकडे तळाची खोटी चिकटपट्टी, बायोसच्या पानाचे छायाचित्र, यूपीआयची नोंद आणि ती कच्ची पावती उरली आहे, पण पडद्यावरील खोटेपणाचा थेट पुरावा नाही. फेब्रुवारीतल्या त्या मेळ्यातून ज्यांनी लॅपटॉप घेतले असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की यंत्र सुरू होताना बायोसचे पान उघडून पाहा. थिंकपॅडला त्यासाठी एफ१ लागते, इतरांना बहुधा एफ२ किंवा एफ१०. तेथे पासवर्ड विचारला गेला तर त्याचाही फोटो घ्या, कारण तो आधीच्या मालकाने घातलेला असू शकतो. विंडोजमधील नाव आणि बायोसमधील नाव वेगळे निघाले तर दोन्ही पानांची छायाचित्रे काढा, आणि ती काढून होईपर्यंत कोणालाही त्या यंत्रातील विंडोज पुसू देऊ नका. समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझ्याकडे नसलेला पुरावा तुमच्या यंत्रात अजून शाबूत असेल.