बेसाल्टच्या कातळावर १०.२ मिलिमीटरचा डायनॅमिक दोर : दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

छत्रपती संभाजीनगर परिसरात प्रस्तरारोहण करणाऱ्या आमच्या छोट्या गटाने वर्गणी काढून दिवाळीच्या सुमारास ६० मीटर लांबीचा आणि १०.२ मिलिमीटर जाडीचा डायनॅमिक, म्हणजे झटका बसल्यावर ताणला जाणारा, दोर घेतला. मृग लागेपर्यंत तो जवळजवळ प्रत्येक सुट्टीला कातळावर गेला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण मराठवाड्यात दोर किती टिकेल हे दगड, धूळ आणि ऊन ठरवतात; त्यांच्यापुढे वेष्टनावरचे नाव गौण आहे. एवढ्या जाडीचा दोर या भागासाठी योग्य आहे का, एवढाच प्रश्न माझ्यासमोर होता, आणि माझे उत्तर होकारार्थी आहे.

आपल्याकडे रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) शिबिरांमुळे स्टॅटिक दोर अधिक परिचयाचा असल्याने, तोच चढाईलाही चालेल असे नवीन मंडळी गृहीत धरतात. हा समज घातक आहे. लीड करणारा, म्हणजे दोर खालून सोबत घेत सर्वांत आधी चढणारा, आरोहक शेवटच्या क्विकड्रॉच्या (दोर कातळावरच्या आधारात अडकवणाऱ्या कड्यांच्या जोडीच्या) वर असताना सुटला, तर दोर ताणला जाऊन त्या झटक्याची ऊर्जा पोटात घेतो; स्टॅटिक दोर फारसा ताणलाच जात नाही, त्यामुळे तो झटका थेट आरोहकाच्या कमरेवर आणि अँकरवर (दोर पेलणाऱ्या कातळातील आधारावर) येतो. ईएन ८९२ या युरोपीय मानकानुसार एकेरी (एकटाच वापरायच्या) दोराची चाचणी ८० किलो वजन पाडून घेतली जाते. पहिल्या पतनात झटक्याचे बल १२ किलोन्यूटनपेक्षा अधिक असता कामा नये आणि दोराने अशी किमान ५ पतने सोसली पाहिजेत. ही पतने अतिशय कठोर स्वरूपाची असतात, म्हणून त्या आकड्यावरून सहाव्या पतनाला दोर तुटेल असा अर्थ काढू नये.

आता दगडाविषयी. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट थरांचा आहे. काही थर घट्ट आणि काळे, तर काही छिद्राळ असून त्या छिद्रांत गारेचे आणि झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. घट्ट थर जेथे फुटतो, तेथे त्याची कड पात्यासारखी धारदार असते. टॉप रोप, म्हणजे वरच्या अँकरमधून खाली सोडलेला दोर, लावताना तो अशा कडेवर पडला आणि खालचा आरोहक डावी-उजवीकडे सरकत राहिला, तर दोराचे आवरण पाहता पाहता खरवडले जाते. आम्ही अँकरच्या स्लिंग्ज (पट्ट्यांचे फास) वाढवून मास्टर पॉइंट (दोर अडकवण्याची जागा) कडेच्या खाली उतरवतो, म्हणजे चालता दोर दगडाला टेकतच नाही. जेथे हे जमत नाही तेथे जुन्या सतरंजीचा जाड तुकडा कडेवर बांधतो. छिद्राळ दगडावर मात्र आवरण हळूहळू पिंजले जाते, आणि येथेच १०.२ मिलिमीटर जाडीचा लाभ दिसला. अधिक बारीक दोर हलका असतो आणि उंच भिंतीवर तो हलकेपणा मोलाचा ठरतो. परंतु आपल्याकडे बहुतांश चढाई टॉप रोपवर, एकाच मार्गावर अनेकांनी पाळीपाळीने करण्याची असते, तेथे सुमारे चार किलोचे ओझे मी आनंदाने वाहीन.

दोराच्या ताणाची सवय करून घ्यावी लागते. २० मीटर उंचीच्या मार्गावर पायथ्याशी उभ्या आरोहकाच्या बाजूलाच २० मीटर दोर असतो. ८ टक्के ताण धरला, तरी आरोहक सुटल्यास दीड मीटरहून अधिक खाली येतो. म्हणून पहिले दोन-तीन मीटर बिले देणाऱ्याने (खालून दोर सांभाळणाऱ्याने) दोर घट्ट ठेवावा, हे आम्ही प्रत्येक नवख्याला आधीच सांगतो. दुसरे असे, की ६० मीटर दोरावर ३० मीटरपेक्षा उंच मार्गावरून आरोहकाला खाली सोडता येत नाही. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारल्याशिवाय आमच्याकडे चढाई सुरू होत नाही.

सर्वांत अधिक त्रास धुळीने दिला. डोंगरपायथ्याची मुरमाड माती आणि शेतांवरून येणारी काळ्या मातीची भुकटी आवरणाच्या विणीत शिरते, आतल्या तंतूंना घासत राहते आणि बिले उपकरणही झिजवते. रोप बॅग पसरून तिच्यावरच दोर ठेवणे, त्याच्यावर कोणीही पाय न देणे, हे नियम कितीही पाळले तरी माघ संपेपर्यंत दोर ताठर झाला आणि मध्यखूण धुळीत दिसेनाशी झाली. दोर धुवायचा तर थंड, साध्या पाण्यात, साबणाच्या पावडरशिवाय, आणि वाळवायचा तर सावलीत. पण जेथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे एका दोरासाठी बादल्या रिकाम्या करणे घरच्यांना पटणे अवघड आहे, आणि त्यांचे बरोबरच आहे. आम्ही आधी कोरड्या मऊ ब्रशने दोर टोकापासून टोकापर्यंत झाडतो, मग मोजक्या पाण्यात खळबळतो, आणि ते पाणी झाडांना घालतो. एवढ्याने दोर पुन्हा हाताला मऊ लागू लागला.

पाणी न शोषणाऱ्या प्रक्रियेचा महागडा दोर येथे आवश्यक वाटत नाही, कारण पावसाळ्यात आम्ही चढतच नाही. ओल्या नायलॉन दोराची झटका पेलण्याची क्षमता घटते, हे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. चैत्र-वैशाखात सकाळी नऊनंतर कातळाला हात लावणे कठीण होते, तेव्हा दोर उन्हात पडून राहणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होतो. देवगिरीचा तासलेला कडा आणि लेण्यांचे कातळ ही संरक्षित स्मारके असल्याने तेथे दोर लावण्याचा विचारही करू नये. गौताळ्याच्या अभयारण्यात वन विभागाची परवानगी लागते. कड्यावर आग्या मोहोळ दिसले, तर त्या भिंतीचा नाद त्या दिवशी सोडावा.

प्रत्येक चढाईनंतर संपूर्ण दोर बोटांतून ओढून, ठिकठिकाणी लूप करून पाहतो. लूप गोल न राहता चपटा मोडला, तर गाभा दुखावला असे समजावे. आमच्या दोराचा गाभा सर्वत्र ठणठणीत आहे, मात्र गाठ पडणारी दोन्ही टोके बरीच पिंजली होती. ती आम्ही सारख्या मापाने कापली, कारण एकाच बाजूने कापल्यास मध्यखूण मध्यावर राहत नाही. नवी लांबी बॅगेवर आणि नोंदवहीत लिहून ठेवली आहे. येत्या हंगामात हा दोर फक्त टॉप रोपसाठी राहील, आणि लीडसाठी याच जाडीचा दुसरा दोर घेण्याकरिता वर्गणी सुरू झाली आहे.