इमॅट प्रोब: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पृष्ठभागावरचे तडे शोधायला इमॅट प्रोब (चुंबक आणि कॉइल वापरून थेट धातूतच अल्ट्रासाउंड लहर निर्माण करणारा आणि टिपणारा प्रोब) आठ महिने रोजच्या वापरात आहे. जॉब, म्हणजे तपासायचे भाग, बहुतेक कार्बन स्टीलचे, काही अ‍ॅल्युमिनियमचे, थोडे ऑस्टेनिटिक (चुंबकाला सहसा न चिकटणाऱ्या) स्टेनलेसचे. जेल लागत नाही, तेल लागत नाही, पातळ रंग खरवडावा लागत नाही, हे सगळं खरं आहे. पण ‘नॉन-कॉन्टॅक्ट’ या शब्दावर विसंबू नये. प्रोब आणि धातू यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या अंशात सांभाळावं लागतं. आतापर्यंतच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच सापडलं.

रचना अशी: एका होल्डरमध्ये दोन नागमोडी कॉइल, एक पाठवणारी आणि एक घेणारी, दोघींमध्ये ६० मिमी, प्रत्येकीवर निओडिमियम चुंबक. स्टीलमध्ये रेले लहरीचा, म्हणजे पृष्ठभागालगत धावणाऱ्या लहरीचा, वेग सुमारे २९९० मीटर प्रति सेकंद, म्हणून १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मिमी होते आणि कॉइलच्या लगतच्या तारा दीड मिमीवर येतात. ही लहर साधारण एका तरंगलांबीइतकीच खोल शिरते, त्यामुळे वरचा थर तपासायला ती नेमकी आहे.

आता अंतराचं गणित. नागमोडी कॉइलचा सिग्नल अंतर वाढलं की घातांकी गतीने घटतो. ३ मिमी तरंगलांबीला प्रोब अर्धा मिमी उचलला गेला, तर एका कॉइलमागे सुमारे ९ डेसिबल जातात, दोन्ही मिळून १८. म्हणजे सिग्नल आठव्या हिश्शावर! रंगाचा थर असमान असला, होल्डर किंचित कलला, तरी पडद्यावर तडा असल्यासारखीच घट दिसते. ५०० किलोहर्ट्झची कॉइल लावली तर तेवढ्याच अंतराला घट ९ डेसिबलवर येते, पण तरंगलांबी ६ मिमी झाल्याने अर्धा मिमी खोलीचे तडे हातचे सुटतात. दोन्ही वारंवारतांच्या कॉइल हाताशी ठेवणं हाच शहाणपणा.

म्हणून सिग्नलच्या नुसत्या उंचीवर निर्णय देणं बंद करावं. थेट आलेली लहर २० मायक्रोसेकंदांवर दिसते. तडा घेणाऱ्या कॉइलच्या ४० मिमी पुढे असेल, तर त्याचा प्रतिध्वनी ४७ मायक्रोसेकंदांच्या आसपास येतो. या प्रतिध्वनीला थेट सिग्नलने भागलं की अंतराचा परिणाम दोघांवर सारखा असल्याने बराचसा उडून जातो. एक मेख मात्र आहे: नागमोडी कॉइल मागेही तेवढीच लहर सोडते. पाठवणाऱ्या कॉइलच्या ४० मिमी मागे असलेला तडा, किंवा जॉबची कडासुद्धा, त्याच ४७ मायक्रोसेकंदांवर उमटते. होल्डर १० मिमी पुढे सरकवून पाहा. प्रतिध्वनी सुमारे ६.७ मायक्रोसेकंद अलीकडे आला तर दोष पुढे, पलीकडे गेला तर मागे. तडा दोन कॉइलच्या मध्ये असेल तर थेट सिग्नलच खचतो.

शंका असली की ओलं बोट उपयोगी पडतं. संशयित जागेच्या अलीकडे पृष्ठभागावर बोट दाबलं की पृष्ठलहरीचा प्रतिध्वनी लगेच बसतो. विजेचा गोंगाट असेल तर तो हलत नाही. हाच नियम उलटाही लागतो: जॉबवर पाण्याचे किंवा कूलंटचे थेंब राहिले तर सिग्नल विनाकारण पडतो. जेल लागत नाही म्हणून जॉब पुसायचा नाही असं नव्हे.

नवख्या माणसाला चकवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे घेणारी कॉइल तड्याला अगदी भिडली की थेट सिग्नल कमी होण्याऐवजी एकदम वाढतो. येणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळते म्हणून असं होतं. अचानक चढलेला सिग्नल हे चांगल्या पृष्ठभागाचं लक्षण मुळीच नाही. तिथे थांबून मागेपुढे करावं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो किसाने. लोखंडाचे बारीक कण चुंबकाच्या तोंडावर उभ्या केसांसारखे चिकटतात, अंतर वाढवतात आणि कॉइलवरचं आवरण घासतात. कापडाने पुसलं तर ते फक्त सरकतात. तोंडावर पातळ पॉलिइमाइड टेप लावून ठेवावी आणि पाळी संपली की किसासकट ती काढून टाकावी. चुंबक जॉबला धाडकन बसू देऊ नये. कडेवर टेकवून हळूच झुकवावा. साध्या ग्रेडचा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचा कमजोर होऊ शकतो, तेव्हा गरम जॉबवर हात आवरावा.

गोंगाटावर ३२ सिग्नलची सरासरी पुरते. विस्कळीत गोंगाट साडेपाच पटींहून अधिक घटतो. शेजारच्या वेल्डिंग मशीनपुढे किंवा मोटर ड्राइव्हपुढे मात्र सरासरीचा भरवसा नाही. तिथे प्रीअँप्लिफायर (दुबळा सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) कॉइलला अगदी चिकटून बसवणं आणि केबल आखूड ठेवणं हाच उपाय.

सिग्नलवरून काढलेल्या तड्याच्या खोलीच्या आकड्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कॅलिब्रेशन ब्लॉकवरच्या (तुलनेच्या नमुना ठोकळ्यावरच्या) ईडीएमने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, कापलेल्या ०.५, १, २ आणि ३ मिमी खाचा उघड्या असतात. खऱ्या थकव्याच्या तड्याच्या भिंती ठिकठिकाणी भिडलेल्या असतात आणि लहर त्यांतून पार होते, म्हणून खोली कमी दिसते. लहरीच्या दिशेला समांतर तडा तर जवळजवळ दिसतच नाही. प्रत्येक जागा दोन काटकोनी दिशांनी फिरवावी. स्वीकार-नकाराचा निर्णय एकट्या या आकड्यावर नको. शोधायला इमॅट, खात्रीला चुंबकीय कणांची तपासणी, हा क्रम आम्ही कार्बन स्टीलवर पाळतो.

अ‍ॅल्युमिनियमवर काम सुरेख होतं. ऑस्टेनिटिक स्टेनलेसवर सिग्नल इतका दुबळा येतो की तिथे डाय पेनिट्रंटच (तड्यात शिरणारा रंगीत द्रव) बरं. कार्बन स्टीलवर घट्ट बसलेल्या ऑक्साइडचा थर असेल तर चुंबकआकुंचनामुळे (चुंबकीय क्षेत्रात पदार्थाची लांबी किंचित बदलण्यामुळे) सिग्नल उलट वाढतो, त्यामुळे चकचकीत ब्लॉकवर लावलेली पातळी काळ्या जॉबवर चालत नाही. ब्लॉकचा पृष्ठभाग जॉबसारखाच हवा.

कॉइल ही झिजणारी वस्तू आहे. एक-दोन जास्तीच्या हाताशी ठेवा. बदलल्यावर आधी १ मिमीच्या खाचेवर प्रतिध्वनी आणि थेट सिग्नल यांचं गुणोत्तर तपासा, जुन्या नोंदीशी जुळलं तरच जॉब घ्या.