दंडावरचा शुगर सेन्सर: सत्तरीतल्या घरी वीस दिवस

मे महिन्यात आमच्या आईंची उशी रोज सकाळी ओली सापडायची. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७२, मधुमेह एकोणीस वर्षांचा. आम्ही सगळे म्हणायचो, उकाडा आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आमचं घर, भोवती कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, रात्री वारा पडतो, त्यात मध्येच वीज जाते. घाम येणारच! तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट ६.९ आला होता, डॉक्टर खूश होते, नात्यातल्या बायका आईंचं उदाहरण द्यायच्या. संशय घ्यायला कुणाला काही कारणच नव्हतं.

म्हापशाच्या डॉक्टरांनी मात्र घामाचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं आणि दंडाला लावायचा सेन्सर सुचवला. तो आम्ही दोनदा लावला, एकदा सहा दिवस आणि एकदा पूर्ण चौदा दिवस. एका सेन्सरला पाच हजारांच्या घरात पैसे गेले. आमच्यासारख्या घरात हा खर्च विचार करूनच होतो, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते या जातीच्या सगळ्याच सेन्सरना लागू आहे.

वस्तू दिसायला पाच रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी, पांढरी, गोल. दंडाच्या मागच्या बाजूला ठेवून दाबली की टक्‌ असा आवाज येतो आणि केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते. आईंना वाटलं होतं मोठं इंजेक्शन असेल. लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘लावलं का?’ तासाभराने आकडे सुरू झाले. मग दर थोड्या वेळाने नवा आकडा, आणि शेजारी बाण: शुगर चढते आहे, उतरते आहे की जागेवर आहे. आईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि आमच्या ॲपमध्ये मराठी नव्हतं. पण बाण त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळला. नंतर आकडा राहू दे, बाण कुठे आहे ते सांग, असं त्या मला विचारायला लागल्या.

चौथ्या रात्री पावणेतीनला फोन ओरडला. आकडा ५८, बाण खाली. ७० च्या खाली म्हणजे शुगर पडलेली. मी दिवा लावला तर आईंचा गळा, छाती, केसांची मुळं घामाने भिजलेली, आणि त्या शांत झोपलेल्या. हलवून उठवल्यावर माझ्याकडे बघत राहिल्या, नाव घ्यायला वेळ लागला. बोटाच्या मशीनवर ६३ आले. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी बोटावर ९४, पण सेन्सर अजून ६६ च दाखवत होता. माझे हात थरथरत होते, खरं कुठलं मानायचं? सकाळी डॉक्टरांनी फोनवर समजावलं. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. रक्तात झालेला बदल तिथे पोचायला काही मिनिटं लागतात. त्यामुळे शुगर झपाट्याने पडत किंवा चढत असताना सेन्सर मागे राहतो. सेन्सर घेतला म्हणून बोटाचं मशीन कपाटात टाकू नका. त्या रात्री दोन्ही जवळ होते म्हणून मी निभावले.

वीस दिवसांत शुगर खरोखर पडलेल्या अशा रात्री पाच निघाल्या. घाम उकाड्याचा नव्हता, पडलेल्या शुगरचा होता. रिपोर्टमधला ६.९ चुकीचा नव्हता, पण ती सरासरी होती. दुपारची २१० आणि रात्रीची ५८ एकत्र मिसळली की कागदावर सगळं छान दिसतं. संध्याकाळची ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी वयाला जास्त होत होती, त्यात आई रात्री जेमतेम वाटीभर भात जेवायच्या आणि एकादशीला तेवढंही नाही. डॉक्टरांनी आलेख पाहून ती गोळी आधी अर्धी केली, मग बंद केली. हे त्यांनी केलं, आम्ही घरी बसून नाही. ७० ते १८० च्या मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ राहावं असं साधारण लक्ष्य असतं, पण अशक्त वयस्क माणसाला ५० टक्केही पुरे, त्यापेक्षा शुगर पडू न देणं महत्त्वाचं, हे मला पहिल्यांदाच कळलं. एकोणीस वर्षं आम्ही फक्त वाढलेल्या शुगरला भीत आलो होतो.

दिवसाचंही पुष्कळ कळलं. दहाची पेज, उकड्या तांदळाची, सोबत लोणच्याची फोड. आईंच्या मते पेज म्हणजे हलकं, आजाऱ्याचं खाणं. तासाभरात १३२ वरून २१४. दुपारी माशाची आमटी-भात त्यामानाने कमी चढायचा, कारण भात मोजका असायचा. एका सकाळी पेज पिऊन त्या पानवेलींना पाणी घालायला कुळागरात उतरल्या. फोन घरीच राहिला होता, पण सेन्सर आठ तासांची नोंद स्वतःजवळ ठेवतो. परत आल्यावर दंडाला फोन लावला तर आलेखातला त्या दिवशीचा डोंगर निम्म्यावर आलेला. दुसऱ्या दिवसापासून पेज झाली की आई स्वतःच पाटाच्या कडेने निघायच्या. इतकी वर्षं ‘चाला, चाला’ म्हणून आमचा घसा कोरडा पडला होता.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

पहिला सेन्सर सहाव्या दिवशी निघून पडला. आई आंघोळीनंतर हातापायांना खोबरेल लावतात, जन्माची सवय. वर आमच्याकडचा दमटपणा. दुसऱ्या वेळी जागा स्पिरिटने पुसली, पूर्ण सुकू दिली, वरून मध्ये भोक पाडलेली चिकटपट्टी लावली, तेव्हा टिकला. कंपनीच्या मदत-क्रमांकावर हिंदी किंवा इंग्रजी बोला म्हणाले. फोटो मागवले, मागचा नंबर मागवला, आणि आठव्या दिवशी कळवलं की सुटून पडणं हा दोष धरत नाहीत. दमट किनारपट्टीवर माल विकता तर तो घामात टिकेल हे पाहायला नको का? मला याचा मनापासून राग आहे.

दुसरं, आईंना डाव्या कुशीवर झोपायची सवय आणि पहिला सेन्सर डाव्या दंडावर. दंड दाबला गेला की आकडा खोटाच खाली जातो. एका रात्री ६१ दाखवले, बोटावर १२७. ज्या कुशीवर झोपता त्या हाताला लावू नका, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं.

तिसरं, आमच्या भिंती चिऱ्याच्या, जाड. फोन ओसरीवर राहिला की खोलीतल्या सेन्सरशी संबंध तुटायचा. फोन उशापाशीच हवा. पुण्याच्या भाऊजींच्या फोनवरही इशारा जाईल अशी सोय आहे, पण त्याला इंटरनेट लागतं आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाला की रेंजचा भरवसा नाही. शिवाय माझ्या यजमानांच्या फोनवर ॲप चाललंच नाही. घेण्याआधी तुमचा फोन चालतो का ते तपासा.

शेजारच्या वहिनींचा भाचा गल्फमधून शुगर दाखवणारं घड्याळ घेऊन आला होता. न टोचता, मनगटावर. आईंना बांधून बघितलं तर ११० दाखवले, त्याच क्षणी बोटावर २०२. औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं की कातडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्यावर भरवसा ठेवून कुणी इन्सुलिन घेतलं तर जीव जाऊ शकतो. वहिनींना मी हे स्पष्ट सांगितलं, त्यांना थोडं लागलं, तरी सांगितलं.

आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली छापून आलेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांत एकाहून जास्त. सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप एकमेकांशी बोलून डोस आपोआप कमीजास्त करतात अशीही यंत्रं आहेत, तसल्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०१६ मध्येच मान्यता मिळाली. ते आमच्यापर्यंत कधी येईल ते येवो. मला त्याआधी एक साधी गोष्ट हवी आहे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात काढून बांबोळीला गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डॉक्टरांना लगेच दाखवायची सोय गोव्यात झालीच आहे. त्याच वाटेने, गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आरोग्य केंद्राने वर्षातून एकदा चौदा दिवस सेन्सर लावावा आणि आलेख डॉक्टरने बघावा. आमच्या वाड्यावरच अशी निदान सहा घरं मी दाखवू शकते जिथे रात्रीच्या घामाला उकाडा म्हणतात.

घ्यावा का? रोज, बारा महिने, हा खर्च आम्हाला झेपणार नाही, आणि नुसत्या गोळीवर ठीक असलेल्या तरुण माणसाला गरजही नाही. पण घरात वयस्क माणूस असेल, ग्लिमेपिराइडसारखी शुगर पाडणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चौदा दिवसांसाठी घ्या, आणि आलेख बघायला वेळ देणारा डॉक्टर आधी शोधा.

चौदाव्या दिवशी सेन्सर काही केल्या निघेना. आईंनीच खोबरेलाची वाटी मागवली, कडेने बोट फिरवत फिरवत सोडवला. दंडावर गोल पांढरट वण राहिला, मध्ये एक ठिपका. त्यावर उरलेलं तेल चोळत म्हणाल्या, ‘आता चवथीला लाव. नेवऱ्या खाल्ल्यावर बाण कुठे जातो बघूया.’ पुढचा सेन्सर त्यासाठी सांगून ठेवला आहे.