लॉनच्या सर्व्हिसिंगला कोणता रिमोट घ्यावा: हिंगणघाटकडच्या एका फिटरचा अनुभव

आमच्याकडे 'लॉन' म्हटलं की गवताआधी लग्न आठवतं. हिंगणघाटहून जामकडे निघा, दोन्ही बाजूंच्या कापसाच्या वावरांमध्ये मधेच एखादी कमान दिसते, आत स्टेज, मागे रसोड्याचं शेड आणि मधात हिरवंगार गवत. ते गवत मे महिन्यात हिरवं ठेवणं हे माझं काम. सुरुवात मी संत्र्याच्या आणि कपाशीच्या ड्रिपपासून केली होती, पण आता तेरा लॉन, दोन शाळांची मैदानं आणि काही फार्महाउस यांचे फवारे माझ्याकडे सर्व्हिसिंगला आहेत. या कामात फवारे लांबून चालू-बंद करायला मी आतापर्यंत चार प्रकारचे रिमोट वापरले. मोबाईलवरून मोटार लावणाऱ्या स्टार्टरवर बोलणारे पुष्कळ भेटतात, पण सर्व्हिसिंगच्या रिमोटबद्दल सांगणारा मला कोणी भेटला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी काम काय असतं ते सांगतो. लॉनचे फवारे झोनमध्ये वाटलेले असतात. प्रत्येक झोनला जमिनीत एक व्हॉल्व्ह आणि त्यावर २४ व्होल्ट एसीवर चालणारी कॉइल, तिला वीज मिळाली की व्हॉल्व्ह उघडतो. सगळ्या तारा एका कंट्रोलरला येतात, त्याला आमच्याकडे टायमरच म्हणतात. सर्व्हिसिंगला गेलो की एकेक झोन दोन-तीन मिनिटं चालवायचा, कोणता पॉप-अप, म्हणजे पाणी आलं की जमिनीतून वर येणारा फवारा, वर येत नाही, कोणाचा नोझल विहिरीच्या रेतीनं चोंदला, कुठे केटरिंगच्या टेम्पोच्या चाकाखाली फवाऱ्याचं मुंडकं दबलं, हे फिरून पाहायचं. सर्वांत जास्त नुकसान मात्र बिछायतवाल्यांच्या लोखंडी खुंट्यांनी होतं. मंडप ताणायला ते घणाने खुंटी ठोकतात आणि खाली पाईप आहे हे कोणाच्या ध्यानातच नसतं. ते छिद्र झोन चालू असतानाच दिसतं.

आता हा टायमर बहुतेक ठिकाणी ऑफिसात किंवा मोटारीच्या खोलीत असतो. माझ्या एका लॉनवर तो शेवटच्या झोनपासून १२० मीटरवर आहे. नऊ झोन, प्रत्येकासाठी एकदा जाणं आणि एकदा येणं असं धरलं, तर दोन किलोमीटरपर्यंत चालणं नुसतं बटण दाबायला होतं. पारा ४५ वर असताना डोक्याला दुपट्टा बांधूनही ते अंगावर येतं. पूर्वी मी भाच्याला टायमरपाशी उभा करायचो. तो तिकडून ओरडायचा, "मामा, पाचवा लावला, निंगालं का पानी?" मी इकडून ओरडायचो, "नाई निंगालं गा, थांब!" पंपाच्या आवाजात निम्मं ऐकू येत नसे. भाचा आयटीआयला गेला आणि मी रिमोटच्या मागे लागलो.

पहिला घेतला तो हजार रुपयांच्या आतला चार बटणांचा सेट. गेट आणि पंखे चालवायला जे सर्किट मिळतं तेच. वायरमनचं काम येत असेल तर त्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, टायमरच्या तारांना जोडून अर्ध्या तासात चालू होतो. मोकळ्यात चाललाही बरा. पण चार बटणं म्हणजे चारच झोन, आणि त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. या सेटमधल्या बऱ्याच रिमोटचा कोड कायमचा ठरलेला असतो. काहींत तो बोर्डावरच्या छोट्या पिनांना सोल्डरचा डाग देऊन बदलायचा असतो, आणि पेटीतून काढून तसाच लावला तर दोन सेटचा कोड एकच असू शकतो. मी एकाच रस्त्यावरच्या शेजारशेजारच्या दोन लॉनवर दोन सेट तसेच लावले. एका संध्याकाळी पहिल्या लॉनवर 'बी' दाबलं आणि दुसऱ्या लॉनवरचा झोन सुरू झाला. तिथे प्रेशर पंप होता, व्हॉल्व्ह उघडला की आपोआप चालणारा. खुर्च्या मांडलेल्या, बाया-माणसं येऊन बसलेली. नवरीकडच्या चार-पाच बायांच्या साड्या भिजल्या. मी धावत जाऊन व्हॉल्व्ह हातानं बंद केला आणि नवरीच्या आईसमोर हात जोडून उभा राहिलो. त्या माउलीनं एवढंच म्हटलं, "जाऊ द्या भाऊ, पानीच हाय." मला ती रात्र अजून आठवते. दुसऱ्या दिवशी दोन्ही सेट काढले. घरच्या बागेत, आजूबाजूला दुसरं कोणी नसताना, कोड बदलून वापरायला हा सेट ठीक आहे. चार लोकांच्या जागेत लावू नका.

दुसरा प्रकार म्हणजे मोबाईलवरचं ॲप. टायमरला वाय-फायचं मॉड्यूल लावायचं आणि फोनवरून झोन चालवायचे. रेन बर्ड कंपनीचं एलएनके२ हे असंच मॉड्यूल आहे, ते ईएसपी-टीएम२ सारख्या टायमरला बसतं. मालकासाठी ही चीज खरोखर चांगली आहे. माझे दोन मालक नागपूरला राहतात. पाऊस आला की तिथूनच पाणी बंद करतात, वेळ बदलतात, त्यांना माझ्या फोनची वाट पाहावी लागत नाही. पण सर्व्हिसिंगवाल्याची गरज वेगळी आहे. मी तेरा ठिकाणी जातो, म्हणजे तेरा मालकांनी मला आपापल्या ॲपमध्ये घ्यायला हवं. राउटर कुलपाच्या आत, नेट गेलेलं, चाबी मॅनेजरकडे आणि मॅनेजर वरोऱ्याला, असं झालं की दिवस वाया. इंटरनेटवरून जाणारा हुकूम व्हॉल्व्हपर्यंत पोचायला काही वेळ घेतो, तेवढ्यात मी दोनदा बटण दाबलेलं असतं. शिवाय भर उन्हात फोन तापला की त्याचा पडदा अंधारतो, ओल्या मातीच्या बोटांनी तो दाबला जात नाही. टायमरजवळ उभं राहून वेळा भरायला मी ॲपच वापरतो. झोन फिरून पाहायला नाही.

वीज नसलेल्या जागेसाठी ब्लूटूथवाले छोटे टायमर येतात, ते व्हॉल्व्हच्या खड्ड्यातच बसवतात. हंटर कंपनीचा नोड-बीटी हा त्यातला, ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालतो आणि फोन साधारण १५ मीटरच्या आत लागतो. एका शाळेच्या मैदानाला मी तो लावला, काम छान चालू आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: त्याची कॉइल वेगळी असते. ती डीसीच्या एका झटक्यानं उघडते आणि दुसऱ्या झटक्यानं बंद होते. बाजारातून २४ व्होल्ट एसीची साधी कॉइल आणून त्याला जोडली तर तो व्हॉल्व्ह चालणार नाही.

आता ज्या प्रकारावर मी थांबलो तो. हातातला रिमोट रेडिओवर चालतो, त्याचा रिसीव्हर थेट टायमरशी बोलतो, मधात इंटरनेट, पासवर्ड काही नाही. माझ्याकडे हंटरचा रोम आहे. त्याची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक लॉनवर टायमरला एक छोटा सॉकेट कायमचा जोडून ठेवायचा, त्याला स्मार्टपोर्ट म्हणतात, दोन तारा एसीच्या टर्मिनलला आणि एक आरईएम लिहिलेल्या टर्मिनलला. रिसीव्हर आणि हातातला रिमोट मात्र माझ्या पिशवीत. गेलो, रिसीव्हर सॉकेटमध्ये खुपसला, रिमोटवर झोनचा नंबर टाकला, चालू. काम झालं की रिसीव्हर काढून घेतला. म्हणजे महाग वस्तू एकच घ्यायची आणि सॉकेट नऊ लॉनवर. रिमोटला १२८ पत्ते, म्हणजे वेगवेगळे कोड, देता येतात, त्यामुळे शेजारच्या लॉनवर दुसरा कोणी तसाच रिमोट घेऊन आला तरी त्या संध्याकाळसारखी गत होणार नाही. लावलेला झोन ठरल्या वेळानं आपोआप बंद होतो, हेही मला फार मोलाचं वाटतं. बोलण्यात गुंतून झोन चालू राहिला तर विहिरीचं पाणी जातं, आणि एप्रिलनंतर आमच्या विहिरींत पाणी किती असतं हे सांगायला नको.

कंपनी त्याचा पल्ला ३०० मीटर सांगते, तो मोकळ्या रानातला. माझ्या अनुभवात टायमर टिनाच्या शेडमध्ये असेल आणि मधात स्वयंपाकघराची भिंत असेल तर पल्ला बराच घटतो. म्हणून मी आता सॉकेट खोलीच्या आत न लावता दाराच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली पण लॉनच्या बाजूला लावतो. तेवढ्यानं फरक पडला, आणि खोलीची चाबी मिळण्याची वाट पाहणंही संपलं. पुष्कळ मोठ्या जागेसाठी याचाच मोठा भाऊ रोम एक्सएल येतो, त्याचा पल्ला ३ किलोमीटरपर्यंत सांगतात. गोल्फच्या मैदानाला किंवा मोठ्या कॅम्पसला तो लागेल. पाच-सहा एकराच्या लग्नाच्या लॉनला साधा पुरतो, जास्तीचे पैसे घालू नका.

सेलचंही पाहा. रोमला टीव्हीच्या रिमोटचे बारीक सेल लागतात, चार. ते खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात. कोण्या रिमोटची बॅटरी चार्जिंगची, तीही खास त्याच्याच चार्जरची असली, तर ती संपल्यावर तुम्ही गिरडच्या रस्त्यावर काय करणार?

याची अडचण एकच आणि ती मोठी आहे: तो त्याच कंपनीच्या टायमरला चालतो. एक्स-कोअर, प्रो-सी, आयसीसी२ असे टायमर असतील तर प्रश्न नाही. माझ्या तेरापैकी चार लॉनवर दुसऱ्या बनावटीचे जुने डबे आहेत. त्यांच्यासाठी कोणत्याही टायमरला चालणारा, तारांच्या झुबक्याचा रिसीव्हर मिळतो. त्याच्या तारा झोनच्या टर्मिनलांना बाहेरून जोडायच्या. हा घेताना एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण मी तिथे फसलो होतो. टायमर स्वतः झोन चालवतो तेव्हा तो पंपाच्या टर्मिनललाही २४ व्होल्ट देतो, त्यावर रिले ओढला जातो आणि स्टार्टर लागतो. बाहेरून जोडलेला रिसीव्हर फक्त झोनला वीज देतो. व्हॉल्व्ह उघडतो, पण पंप लागतच नाही. मी दीड तास तार शोधत बसलो, तीन व्हॉल्व्ह खोलून पाहिले, आणि बिघाड कुठेच नव्हता. म्हणून रिसीव्हरला पंपाची वेगळी तार निघते का, ते आधी पाहा. आणि पंप हातानं लावून ठेवून मग रिमोटनं झोन बदलत बसू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद आणि पंप चालू, अशा वेळी दाब वाढून पाईपचा जोड सुटतो.

रिमोट हातात आला म्हणजे तारा तपासायचा मीटर घरी ठेवायचा असं नाही. रिमोट झोन चालू करतो, तार तुटली की नाही हे तो सांगत नाही. आमची काळी माती उन्हाळ्यात एवढी फाटते की भेगेत हात जातो. माती ओढली की तारही ओढली जाते आणि जोड निघतो. झोन लागला नाही की मी टायमरपाशी येऊन त्या झोनच्या आणि कॉमनच्या, म्हणजे सगळ्या झोनच्या सामाईक, तारेत ओहम मोजतो. चांगली कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही तर तार तुटली किंवा कॉइल उडाली, शून्याजवळ दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. जोड पुन्हा करताना जेल भरलेली टोपी वापरा, नुसती टेप गुंडाळली तर पहिल्या पावसात तेच काम पुन्हा करावं लागतं.

आणि वीज. शेतीच्या फीडरवर लॉन असेल तर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. टायमरला वीज नाही तर कोणताही रिमोट काही करू शकत नाही. निघण्याआधी फोन करून पाळी विचारून घ्या. रात्रपाळी असली की मी सायंकाळी सातनंतर जातो. अंधारात रोमचा छोटा पडदा बॅटरीच्या उजेडात वाचावा लागतो, पण हात ओले असले तरी बटणं दाबली जातात आणि बोटांना आता त्यांची जागा पाठ झाली आहे.

रिमोट मला माझ्या दोन महिन्यांच्या सर्व्हिसिंगच्या कमाईएवढा पडला. घेताना बायकोनं विचारलं होतं, "एवढ्या पैशात काय येते ते?" आता तीही पाहते, की ज्या लॉनला माझा आणि भाच्याचा मिळून अख्खा दिवस जायचा, ते मी एकटा जेवणाच्या वेळेपर्यंत उरकून येतो. सॉकेटचे पैसे मालकाकडून घ्या, तो त्याच्या टायमरचा भाग आहे. नऊ मालकांनी काही न बोलता दिले. उरलेल्या चार जुन्या डब्यांपैकी दोन मालक यंदा टायमरच बदलतो म्हणाले आहेत, तुळशीच्या लग्नाआधी ते काम मला करून द्यायचं आहे.